भिंतीआडचा गंज आणि कायद्याची नजर

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरमधल्या तीस-पस्तीस वर्षांच्या एखाद्या इमारतीत शेवटच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचे छत एकदा नीट पाहावे. आधी गिलाव्यावर तांबूस ओल उमटते. मग सळईच्या रेषेत केसाएवढी चीर धावते, एक-दोन पावसाळ्यांत पोपडा फुगतो, आणि एके दिवशी तळहाताएवढा तुकडा बादलीत पडून आतली सळई उघडी होते. मिस्त्री येतो, तारेच्या ब्रशने वरवरचा गंज खरवडतो, सिमेंटचा माल थापतो, वर रंगाचा हात फिरवतो. दोन वर्षांनी शेजारचा तुकडा पडतो. यात मिस्त्रीच्या हाताचा दोष थोडा आणि रसायनशास्त्राचा जास्त असतो. लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढते. काँक्रीटच्या पोटात तेवढी जागा नसते, म्हणून गंज काँक्रीटलाच फोडून बाहेर येतो. आजूबाजूच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्षार मुरलेले असले, की ताज्या मालाच्या कडेलाच सळई नव्या जोमाने गंजू लागते. म्हणजे अर्धवट दुरुस्ती आजार थांबवत नाही, त्याला बाजूला सरकवते. पोपडा सुटतो तेव्हा तो आजार कित्येक वर्षांचा असतो, आणि त्या सगळ्या काळात इमारत बाहेरून ठीकठाकच दिसत असते.

पालघरच्या किनारपट्टीवर हा आजार इतका का आढळतो, याचे उत्तर काँक्रीटच्या भारतीय मानकातच, म्हणजे आयएस 456 मध्ये, लिहून ठेवले आहे. या मानकाच्या 2000 सालच्या आवृत्तीत इमारतीभोवतीच्या हवेच्या पाच पायऱ्या केल्या आहेत. किनाऱ्याच्या हवेत उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ या पायरीवर येते. समुद्राच्या पाण्याचे तुषार किंवा गंजवणारे वायू ज्याच्यावर आदळतात ते ‘अतितीव्र’. पहिल्याला किमान एम-30 दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवे, दुसऱ्याला एम-35 आणि 50 मिलिमीटर. मानक लिहिणाऱ्यांनी तारापूरचा नकाशा समोर ठेवला होता असे नाही, पण वर्णन चपखल बसते: पश्चिमेला दांडी-नवापूरची खारी हवा, पूर्वेला रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत, आणि त्यांच्या आसपास पाम, टेंभी, कोलवडे, सालवड, सरावली ही गावे. आता याच मानकाची 1978 सालची आवृत्ती पाहा. तिच्यात सळईच्या कामाला एम-15 काँक्रीट चालत होते आणि स्लॅबला 15 मिलिमीटर कव्हर पुरे होते. वसाहत वाढत होती त्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत कामगारांच्या चाळी आणि तीन-चार मजली इमारती जोमाने उठल्या त्या याच हिशेबाने, तेही कंत्राटदाराने तो हिशेब पाळला असे धरले तर. खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच होते. 2000 साली शास्त्र सुधारले, मानक बदलले. आधी उभ्या राहिलेल्या इमारतींना मात्र त्याचा पत्ताही लागला नाही. नवे मानक नव्या कामाला लागू होते. जुन्या इमारतीकडून कायदा काय मागतो, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की आपला कायदा इमारतीचा चेहरा पाहतो, तिचे वय मोजतो आणि तिचे कागद तपासतो. तिची तब्येत मात्र सहसा पाहत नाही. आणि जी पाहायचीच नाही, ती सुधारायचे नियमही त्याने नीट केलेले नाहीत.

चेहऱ्यापासून सुरुवात करू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 43 नुसार विकासकामाला परवानगी लागते. पण त्याच कलमाच्या परंतुकात एक मोठी सूट आहे: देखभालीची, सुधारणेची किंवा फेरफाराची जी कामे केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरती आहेत किंवा तिच्या बाहेरच्या स्वरूपात फारसा फरक पाडत नाहीत, त्यांना परवानगीची गरज नाही. ही भाषा आपली नाही. इंग्लंडच्या 1947 सालच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातून ती जवळजवळ जशीच्या तशी आली. तिथे तिला अर्थ होता. नियोजनाच्या कायद्याला रस्त्याची शोभा, जमिनीचा वापर, शेजाऱ्याचा उजेड यांची काळजी होती. घराच्या मजबुतीची काळजी वाहायला तिथे बांधकामाचे वेगळे नियम आणि ते तपासणारा वेगळा अधिकारी होता. आपण पहिला कायदा उचलला आणि दुसऱ्याची जागा बऱ्याच अंशी रिकामीच ठेवली. परिणामी घराला बाहेरून गॅलरी काढायची तर नकाशा लागतो, आणि आतला खांब तासायचा तर फक्त छिन्नी-हातोडा.

हे शब्दांचे खेळ नव्हेत. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून 17 माणसे गेली. तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या नूतनीकरणात खांबांना हात लागल्याचा आरोप पोलिसांच्या तपासात पुढे आला. त्याआधी 27 सप्टेंबर 2013 रोजी डॉकयार्ड रोडची महापालिकेच्याच मालकीची इमारत पडून 61 जण दगावले. तिथेही तळमजल्याच्या गोदामातले फेरफार चर्चेत आले. दोन्ही ठिकाणी काम ‘अंतर्भागापुरते’ होते. यावर वकील म्हणतील, की भारवाहक भागाला हात लावणे ही ‘देखभाल’ नव्हेच. विकासाच्या व्याख्येत इमारतीतला महत्त्वाचा बदल येतो आणि विकास नियंत्रण नियमावलीही अशा कामाला परवानगी मागते. अगदी खरे. पण हा भाग भारवाहक आहे की नाही, हे पहिल्या दिवशी ठरवतो कोण? नियमाची मदार ज्या निर्णयावर आहे, तो निर्णय जुन्या इमारतीत घरमालक आणि मिस्त्री उभ्या उभ्या घेतात. मूळ नकाशे कुणाकडे नसतात, आणि भिंत विटेची आहे की आत खांब दडला आहे, हे ठोकून पाहण्यावरच चालते. आपण सूट देताना कामाचे ठिकाण पाहिले, आत की बाहेर. कामाचा भार पाहिला नाही.

आता वयाकडे वळू. महानगरपालिकांच्या 1949 सालच्या अधिनियमात कलम 265-अ आहे. तीस वर्षे झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून प्रमाणपत्र द्यावे, असे ते सांगते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत त्याहून शहाणी तरतूद आहे: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, तीस उलटलेल्यांचे दर तीन वर्षांनी. दुसऱ्या टोकाला 2016 चा रेरा कायदा ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषांची जबाबदारी विकसकावर टाकतो. या आकड्यांची बेरीज केली की मधे एक खिंडार दिसते. पाच वर्षे संपल्यापासून पंधरावे लागेपर्यंत संस्थेच्या इमारतीकडे पाहण्याची सक्ती कुणावरच नाही; संस्था नसेल आणि इमारत महापालिकेत असेल तर हे खिंडार तिसाव्या वर्षापर्यंत पसरते. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडून 16 जण गेले, ती दहा वर्षांचीही नव्हती. आपल्याच पालघर जिल्ह्यात, विरारला, रमाबाई अपार्टमेंटचा भाग 26 ऑगस्ट 2025 च्या रात्री शेजारच्या चाळीवर कोसळला आणि 17 माणसे मेली. ती इमारत 2012 च्या सुमाराची. तीस वर्षांची अट दोघींनाही लागली नसती, पंधराचीही नाही. याउलट भिवंडीची जिलानी इमारत 1984 ची होती, म्हणजे सप्टेंबर 2020 मध्ये अनेक बळी घेऊन पडली तेव्हा ती अट केव्हाच ओलांडून गेलेली. वय मोजणे सोपे असते म्हणून आपण ते मोजतो. क्षार आणि वायू यांच्या माऱ्यात उभ्या असलेल्या बोईसरच्या पंधरा वर्षांच्या इमारतीची तब्येत मराठवाड्यातल्या कोरड्या हवेतल्या चाळीस वर्षांच्या इमारतीपेक्षा वाईट असू शकते, हे तर मानकाच्या पाच पायऱ्याच सांगतात. ज्या देशाच्या मानकाला हवा कळते, त्याच देशाच्या कायद्याला ती कळू नये, हे चमत्कारिक आहे.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि पाम-बोईसर भागात ती सगळ्यात गुंतागुंतीची. औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण म्हणजे एमआयडीसी, तिची स्वतःची विकास नियमावली. हद्दीबाहेर पाऊल टाकले की ग्रामपंचायत. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातले कलम 52 इमारत ‘उभारणे किंवा पुन्हा उभारणे’ याला पंचायतीची परवानगी मागते. डागडुजीने जगवणे या क्रियेचे त्यात नाव नाही. गावठाणाबाहेर महसूल आणि नगररचना खाते येते, पालघर शहरात नगरपरिषद, आणि कोळगावच्या नव्या जिल्हा मुख्यालयाच्या परिसरात सिडको. सातपाटी, मुरब्यासारख्या कोळीवाड्यांत आणखी किनारा नियमन क्षेत्राचे नियम. त्यातली एक तरतूद मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2011 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याच्या विकासबंदी पट्ट्यातही जुन्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते. अट एवढीच, की चटई क्षेत्र, जोत्याचे क्षेत्र आणि घनता आहे त्याहून वाढता कामा नये. कडक म्हणून ज्याला शिव्या बसतात त्या किनारा कायद्याने ‘आहे ते नीट ठेवा’ ही गोष्ट ‘नवे बांधा’ यापासून वेगळी ओळखली. बाकीच्या कायद्यांनी ही ओळख इतक्या स्वच्छपणे करून घेतलेली नाही. त्यामुळे एकाच रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे तीच हवा, तोच पाऊस आणि तोच गंज असूनही विचारायचे कुणाला हे बदलते. नोंदणीकृत संस्था नाही, तिथे उपविधी नाहीत. महापालिका नाही, तिथे 265-अ नाही. बोईसर-पामसारख्या ग्रामपंचायतींतल्या भाड्याच्या चाळी या दोन्ही जाळ्यांच्या भोकांतून सुटतात. भाडेकरूसाठी भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 14 जिथे लागू आहे तिथे त्याने पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. एवढ्या पैशात कौले बदलतील, खांबाभोवती नव्या काँक्रीटचे जाकेट घालता येणार नाही.

मग धोकादायक ठरलेल्या इमारतीचे काय होते? महानगरांत तिची वर्गवारी करतात. सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडावी. सी-2अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावी. सी-2ब म्हणजे माणसे आत असतानाच दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. कल्पना उत्तम, कारण तिच्यात तब्येतीप्रमाणे उपचार आहे. व्यवहारात मात्र पहिल्या वर्गाला दात आहेत, वीज-पाणी तोडता येते, पोलीस आणता येतात. मधल्या दोन वर्गांना नोटिशीपलीकडे फारसे काही नाही. दुरुस्ती कोणत्या दर्जाची, कुणाच्या देखरेखीखाली, झाल्यावर तपासायची कुणी, पैसे कुठून आणायचे? या प्रश्नांवर नोटीस गप्प असते. आणि पाडण्याच्या बाजूला बक्षीसही ठेवलेले आहे. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता जवळजवळ राज्यभर लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत धोकादायक किंवा तीस वर्षे झालेल्या इमारतीच्या पुनर्विकासाला जादा चटई क्षेत्र मिळते: अधिकृत बांधीव क्षेत्राच्या 30 टक्के किंवा दर सदनिकेमागे 15 चौरस मीटर, जे जास्त असेल ते. इमारत सांभाळून ठेवणाऱ्याला एक चौरस फूटही नाही. सरकारचा हेतू वाईट नसेल, पण इशारा स्पष्ट पोचतो: पडेपर्यंत थांबा, त्यातच फायदा आहे.

इथे पहिला आक्षेप येतो. पुनर्विकासात रहिवाशाला नवे, मोठे, मजबूत घर फुकट मिळत असेल, तर जुन्याला ठिगळे लावायची कशाला? जिथे मिळते तिथे हरकत नाही. पण फुकट घराचा खर्च शेवटी जादा सदनिका विकूनच निघतो. ठाणे-मुलुंडच्या भावात ते गणित जमते. बोईसरच्या भावात 30 टक्के जादा क्षेत्र विकून उरलेले 100 टक्के फुकट बांधून द्यायला किती विकसक पुढे येतील? आणि पामच्या गावठाणातल्या दहा खोल्यांच्या चाळीसाठी कोण येणार? पुनर्विकासाच्या वाटेवर जे सरकारी धोरण उभे आहे, ते जमिनीच्या भावावर उभे आहे. भाव नाही तिथे धोरणही नाही. शिवाय इमारत रिकामी करायची म्हटले की कामगाराला भीती वाटते ती स्लॅबची कमी आणि परत जागा मिळेल का याची जास्त. ती भीती निराधार नाही. म्हणूनच अशा गावांत, घर न सोडता किंवा थोड्या दिवसांपुरतेच सोडून होणारी दुरुस्ती हाच एकमेव खरा मार्ग उरतो, आणि नेमका तोच मार्ग कायद्याने कच्चा ठेवला आहे.

या राज्याने तो एकदा पक्का करून पाहिला आहे. मुंबई बेटावरच्या पडझडीनंतर बेडेकर समितीच्या शिफारशींवरून 1969 साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा झाला. उपकर घ्यायचा, आणि त्यातून सरकारी मंडळाने खाजगी इमारतींची दुरुस्ती करायची. खर्च ठराविक मर्यादेबाहेर गेला तर इमारत ‘दुरुस्तीपलीकडची’ ठरवायची. 19,642 इमारती या छत्राखाली आल्या. पुढे हे काम म्हाडाकडे गेले, मर्यादा अपुरी ठरली, गोठलेल्या भाड्यांमुळे मालकांनी अंग काढले, आणि आज त्या मंडळाबद्दल चांगले बोलणारा क्वचित भेटतो. तरीही त्या कायद्याने एक तत्त्व मान्य केले होते, की इमारत जगवणे हे सार्वजनिक काम आहे आणि त्यासाठी नेहमीचा, ठरलेला पैसा लागतो. ते तत्त्व माहीमच्या खाडीपलीकडे कधी आलेच नाही.

नियम कसा असावा, यासाठी बाहेरचे एक उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात पूर्वी 25-50 टक्क्यांचा नियम होता. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्याहून वर गेला, की अख्खी इमारत नव्या संहितेप्रमाणे करा. पंचवीस ते पन्नासच्या मधे अधिकाऱ्याची मर्जी. दिसायला कडक आणि सुरक्षित. प्रत्यक्षात मालकांनी मोठी दुरुस्ती टाळली, कामाचे तुकडे पाडले, किंवा इमारत ओसाड टाकली. 1998 मध्ये त्या राज्याने जुन्या इमारतींसाठी स्वतंत्र उपसंहिता केली. तिच्यात खर्च मोजत नाहीत, कामाचा प्रकार पाहतात. साधी दुरुस्ती असेल तर आहे त्याच प्रकारच्या मालाने करा, फक्त धोका वाढवू नका. फेरफार असेल तर तेवढ्या भागाला जास्त अटी. सगळी इमारत उघडून पुन्हा रचायची असेल तर जिने, आग, संरचना यांच्या अटी आणखी वर. नव्या इमारतीइतके सगळे कुणाकडूनच मागितले नाही. 2003 मध्ये त्याच विचाराची आदर्श संहिता अमेरिकाभर वापरण्यासाठी निघाली. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतही हाच धागा आहे: फेरफारानंतर इमारत आधीपेक्षा वाईट होता कामा नये. हे एकच वाक्य आपल्या कलम 43 च्या परंतुकात असते, तर खांबाला हात लावण्यापूर्वी कुणीतरी अभियंत्याला बोलावले असते.

आपल्याकडे त्यासाठी शास्त्र नव्याने शोधायचे नाही. जुन्या काँक्रीट इमारतींच्या भूकंपीय तपासणी-मजबुतीसाठी आयएस 15988 हे मानक 2013 पासून आहे, विटा-दगडांच्या घरांसाठी आयएस 13935 आहे. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाची कठिणता, ध्वनिलहरींच्या वेगाने आतला पोकळपणा, काँक्रीटची भुकटी काढून क्षारांचे प्रमाण, या चाचण्या आता ठाण्या-पालघरात नवलाच्या राहिलेल्या नाहीत. आयएस 456 मध्ये सळईच्या काँक्रीटला घनमीटरमागे 0.6 किलो क्लोराइडची कमाल मर्यादा दिलेली आहे. जुन्या स्लॅबची भुकटी तिच्याशी ताडून पाहता येते. अडचण अशी, की ही मानके मार्गदर्शक म्हणून कपाटात बसतात. कोणत्या कामाला ती लावलीच पाहिजेत हे सांगणारा स्पष्ट, सर्वत्र लागू नियम नाही. आणि प्रमाणशीर नियमाची कल्पनाही आपल्याला परकी नाही. त्याच एकत्रिकृत नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या नव्या घराला कमी जोखमीचे म्हणून सोपी वाट दिली आहे. नव्या घराची जोखीम मोजता येते, तर जुन्या घराच्या दुरुस्तीची का नाही? रंग, गिलावा, फरशी यांना काहीच नको. सळई उघडी करणाऱ्या कामाला अभियंत्याची एक पानी सही. खांब, तुळई, भारवाहक भिंत यांना परवानगी आणि काम झाल्यावर तपासणी. हवेच्या पायरीप्रमाणे पहिली तपासणी लवकर: किनाऱ्याला आणि कारखान्यांच्या पट्ट्याला दहाव्या वर्षी.

गरिबाच्या घरावर हा आणखी एक दंडुका नाही का, असा दुसरा आक्षेप आहे. नियम वाढले की लोक लपून काम करतात, आणि लपून केलेले काम सगळ्यांत धोक्याचे. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. म्हणून नियमाबरोबर सेवा हवी. ग्रामपंचायतीकडे अभियंता नाही, पण जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे आहेत, सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आहेत. तालुक्यासाठी ठरावीक दराने काम करणाऱ्या संरचना अभियंत्यांची यादी करणे जिल्हा प्रशासनाच्या आवाक्यात आहे. एमआयडीसी क्षेत्रातल्या हवेचा भार शेजारच्या गावांच्या सळयांवर पडतो, तेव्हा तपासणीचा खर्च तिथल्या उद्योगांकडे मागण्यात गैर काही नाही. संस्थांसाठी उपविधींनी तर पैशाची सोय आधीच केली आहे: बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंड. जमा होतो का आणि कशावर खर्च होतो, एवढेच विचारायचे असते. बऱ्याच ठिकाणी तो रंगावर जातो. पुन्हा चेहराच.

तिसरा आक्षेप अनधिकृत इमारतींचा. त्यांना दुरुस्ती करू दिली तर त्यांना मान्यताच दिल्यासारखे होईल, म्हणून अधिकारी हात लावू देत नाहीत. विरारची इमारत अनधिकृत होती, आणि त्याने मेलेल्यांच्या संख्येत फरक पडला नाही. शिवाय तिचा भाग कोसळला तो शेजारच्या चाळीवर. मालकी, परवानगी, दंड हा एक दावा आहे, तो चालवावा. माणसे राहत असलेल्या छताचा भार हा दुसरा प्रश्न आहे. दुरुस्तीच्या आदेशात ‘यामुळे कोणताही हक्क निर्माण होत नाही’ हे वाक्य घालायला कायद्याच्या मसुदाकारांना अर्धा तासही लागणार नाही. रोग्याचे रेशनकार्ड पाहून औषध देणारा डॉक्टर आपण चालवून घेत नाही.

आणि लोकांनाच दुरुस्ती नको असते, त्याचे काय? किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर राज्याने सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम घेतला. माळवदाचा भार उतरवणे, दगडी भिंतींना आरपार जाणारे बांधदगड घालणे, पट्टे बांधणे, असे ते काम होते. पण अनेक कुटुंबांनी मिळालेल्या मदतीतून जुने घर बळकट करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली. यातून ‘लोक अडाणी’ असा निष्कर्ष काढणारे चुकतात. बळकट केलेली भिंत आणि न केलेली भिंत यांत गिलावा झाल्यावर फरक दिसत नाही. नवी खोली दिसते. अदृश्य कामावर विश्वास ठेवायचा तर कुणीतरी जबाबदारीने ‘झाले’ असे लिहून द्यावे लागते. तो कागद देणारी व्यवस्था नसेल तर लोकांचा अविश्वास हा व्यवहारी शहाणपणाच म्हणायचा. पालघर जिल्ह्याला हा धडा जवळचा आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसले, घरांना तडे गेले, माणसे तंबूंत झोपली. तडे बुजवले गेले. ते कोणत्या मानकाने, याची नोंद ठेवणे कुणावर बंधनकारक नव्हते.

एक उदाहरण मात्र याच मातीतले आहे, आणि ते जुन्या बांधकामाचा कायदा कसा असावा याचे आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 साली वीज देऊ लागले, मुंबईचा दुरुस्ती कायदा झाला त्याच वर्षी. त्यांना वय झाले म्हणून पाडा असे कुणी म्हटले नाही, आणि जुने आहेत म्हणून चालू द्या असेही नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पद्धतीत चालू संचांचा दर दहा वर्षांनी सर्वंकष सुरक्षा आढावा होतो: आजच्या मानकांशी ताडून पाहायचे, कुठे कमी पडते ते लिहायचे, भरून काढता येईल ते भरायचे आणि मगच पुढची परवानगी. 2005-06 मध्ये हे संच बंद ठेवून त्यांत सुधारणा केल्या आणि पुन्हा चालू केले. अणुभट्टी आणि चाळ यांची तुलना होत नाही, हे उघड आहे. धोका वेगळा, पैसा वेगळा. पण दहा वर्षांनी डोळे उघडून पाहावे, आजच्या ज्ञानाने कालच्या कामाला तोलावे आणि निकाल लिहून ठेवावा, या पद्धतीला अणू लागत नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा भरतात. पाम, बोईसर, सरावली, कुठेही राहत असाल, तर पुढच्या सभेला एक लेखी विषय द्यावा: गावातल्या दोन मजल्यांवरच्या प्रत्येक इमारतीची संरचना तपासणी आणि तिची नोंद पंचायतीच्या दप्तरात. संस्थेत राहत असाल तर वार्षिक सभेत शेवटच्या ऑडिटचा अहवाल मागावा, आणि तो नसेल तर तसे इतिवृत्तात लिहून घ्यावे.